महामहोपाध्याय पां. वा. काणे : नावाआधी लागलेल्या शब्दांची गोष्ट



आजचा लेख एका चुकीमुळे लिहिते आहे, आणि ती चूक माझीच आहे.

आमच्या केंद्राच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या थोर माणसांवर भाषण केलं. भाषण अर्थातच मी लिहून दिलेलं. पोरगी धीट. एकही शब्द न अडखळता तिने सांगून टाकलं की पांडुरंग वामन काणे हे मुंबई विद्यापीठाचे कुलपती होते. परीक्षकांमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी नंतर तिला जवळ बोलावून समजावलं की बाळ, कुलपती नव्हे, कुलगुरू. तिला दुसरा नंबर मिळाला. चुकीमुळे पहिला गेला की नाही ते मला माहीत नाही, पण तिने मात्र घरी जाताना गाडीत मला विचारलं की बाई, हे तर तुम्हीच लिहून दिलं होतं ना? काय उत्तर देणार!

झालं होतं असं की मी माहिती घाईघाईत एका हिंदी पानावरून घेतली होती. तिथे ‘कुलपति’ लिहिलेलं होतं, ते मी मराठीत जसंच्या तसं उतरवलं. आता नीट ऐका. हिंदीत ज्याला कुलपति म्हणत आले आहेत तो आपल्याकडचा कुलगुरू, म्हणजे विद्यापीठाचा कारभार प्रत्यक्ष चालवणारा विद्वान. आपल्या महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, ज्यांच्याकडे ते पद राज्यपाल म्हणून आपोआप येतं. हिंदीवाले त्यांना कुलाधिपति म्हणतात. शब्द तोच, पण राज्याची हद्द ओलांडली की माणूस बदलतो. शिष्यवृत्तीच्या तयारीला हिंदी पुस्तकं वापरणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून मी काण्यांच्या नावाआधी आणि नावानंतर लागणारे शब्द एकेक करून तपासायला घेतले. भारतरत्न, महामहोपाध्याय, डॉ., प्रा., एम.ए., एलएल.एम., राष्ट्रीय प्राध्यापक, कुलगुरू... एका माणसाच्या नावाला इतके शब्द! यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जातीचा आहे. काही परीक्षा देऊन मिळवलेले, काही कामाच्या जागेचे, काही सरकारने दिलेले, काही विद्यापीठाने मान म्हणून दिलेले. आपण मात्र मुलांना सरसकट सांगतो की त्यांना अनेक ‘पदव्या’ मिळाल्या. पदवी हा शब्दच आपण फार सैल वापरतो. बी.ए. पास झालं की पदवी, आणि इंग्रजांनी कुणाला रावबहादूर केलं तरी पदवीच.

तर काण्यांचं आयुष्य या शब्दांच्या क्रमानेच बघू या.

त्यांचा जन्म ७ मे १८८० चा, चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा. वडील दापोलीला वकिली करायचे, त्यामुळे शाळा दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये झाली. (साने गुरुजीही पुढे दापोलीच्याच मिशन शाळेत शिकले.) लहानपणापासून पोटाचं दुखणं पाठीमागे लागलेलं, ते जवळजवळ जन्मभर राहिलं. मॅट्रिकनंतर मुंबईचं विल्सन कॉलेज. १९०१ साली बी.ए. झाले, त्यात संस्कृतसाठीचं भाऊ दाजी पारितोषिक मिळालं. १९०३ साली एम.ए., तेव्हा झाला वेदान्त पारितोषिक. यातला ‘झाला’ हा क्रियापदाचा झाला नाही बरं का, ते नाव आहे. वर्गात वाचून दाखवताना मुलं हसतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

इथे पहिला फरक फळ्यावर लिहून घ्या. बी.ए. आणि एम.ए. या पदव्या. एम.ए. ही बी.ए. नंतरची, म्हणून पदव्युत्तर पदवी. भाऊ दाजी किंवा झाला हे पारितोषिक, ती पदवी नाही. ते नावापुढे लावत नाहीत. आणि पदविका म्हणजे डिप्लोमा. माझं डी.एड. ही पदविका. अर्ज भरताना ‘पदवी’ या रकान्यात डी.एड. लिहिणारे आपल्यातही आहेत, मीही एकदा लिहिलं आहे.

एम.ए. झालेला, पारितोषिकं मिळवलेला हा तरुण पुढे काय झाला माहीत आहे? शाळामास्तर. १९०४ ते १९०७ काणे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण त्यांना कायम जाडजूड ग्रंथांच्या ढिगाआड बसलेले बघतो, पण त्यांनी आपल्यासारखेच तास घेतले, वह्या तपासल्या. एवढंच नाही, शिक्षकांसाठी खात्याची एस.टी.सी. म्हणून परीक्षा असे, म्हणजे साधारण आजच्या बी.एड.च्या जागी. ती त्यांनी दिली आणि तिच्यात ते पहिले आले. एम.ए.ला संस्कृत-वेदान्त केलेल्या माणसाने अध्यापनाची परीक्षाही इतक्या मनापासून द्यावी! निबंधासाठीचं मंडलिक सुवर्णपदकही त्यांनी मिळवलं.

शिक्षक या शब्दाला आपल्याकडे संक्षेप नाही हे कधी लक्षात आलंय का? प्राध्यापकाला ‘प्रा.’, डॉक्टरला ‘डॉ.’, प्रिन्सिपॉलला ‘प्राचार्य’ हा भारदस्त शब्द. आपल्या कार्यालयीन पत्रावर मात्र ‘प्रा. शिक्षक’ असं येतं, तिथे प्रा. म्हणजे प्राथमिक. माझ्या सासरच्या एका वयस्कर नातेवाइकांनी असं पाकीट पाहून मला प्राध्यापक समजून अभिनंदन केलं होतं. मी दुरुस्त केलं, पण जरा उशिरानेच केलं, हे कबूल करते.

१९०७ मध्ये काण्यांची बदली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात झाली. १९०८ साली एलएल.बी. पूर्ण केलं. नोकरी करता करता, हे विसरू नका. मग एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा काही काळ रिकामी होती, तिथे त्यांना शिकवायला मिळालं. पण कसं? हंगामी. आज आपण ‘प्रभारी’ म्हणतो तसं. काम तेच, तास तेच, मुलं तीच, फक्त जागा आपली नाही. आणि पुढे कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला पुढे नेण्यात आलं. १९११ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

हा भाग वाचताना मी थांबले होते. मी स्वतः तीन वर्षं शिक्षणसेवक होते. वर्ग माझा, निकाल माझा, पण हजेरीपटावर नावापुढे ‘शि. से.’. पगाराला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. पालक मला बाईच म्हणत होते, मुलांना तर काहीच फरक नव्हता, पण सभेत सह्या करताना तो दोन अक्षरांचा संक्षेप टोचायचा. म्हणून हंगामी, प्रभारी, कायम, ज्येष्ठ, कनिष्ठ हे शब्द मला नुसती शब्दसंपत्ती वाटत नाहीत. यांच्यावर माणसांची आयुष्यं वळतात. काण्यांचं वळलं ते असं: एकतीस वर्षांचा माणूस, घरसंसार असलेला, पोटाने आजारी, हातची सरकारी नोकरी सोडून मुंबई हायकोर्टात वकिली करायला उभा राहिला.

१९१२ मध्ये ते एलएल.एम. झाले. हिंदू आणि मुस्लिम कायदा हे विषय घेऊन. १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानांसाठी बोलावलं. ही तीच व्याख्यानमाला जी १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी गाजवली होती. इथे एक बारीक गोष्ट. ‘व्याख्याता’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एखाद्या मान्यवर व्याख्यानमालेसाठी निवडलेला विद्वान म्हणजे व्याख्याता, तो सन्मान. आणि कॉलेजात नोकरीला असलेला अधिव्याख्याता, ते पद. पूर्वी कॉलेजात अधिव्याख्याता, मग प्रपाठक, मग प्राध्यापक अशी चढण असे. आता अधिव्याख्याता गेला, त्याला सहायक प्राध्यापक म्हणतात, आणि प्रपाठकाचा सहयोगी प्राध्यापक झाला. त्यामुळे हल्ली कॉलेजात शिकवणारे सगळेच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे प्राध्यापक असतात. ‘प्रपाठक’ हा शब्द तर मुलांना वेदातला वाटतो, आणि त्यात चूक नाही, वैदिक ग्रंथांच्या भागांनाही प्रपाठक म्हणतातच.

काण्यांना प्राध्यापक हे पद शेवटी मिळालं, पण संस्कृतचं नव्हे, कायद्याचं. १९१७ ते १९२३ ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते. ज्या दारातून आत घेतलं नाही, त्याच्या शेजारच्या दाराने ते आत आले म्हणा ना. वकिली चालूच होती.

वकिलीबद्दल एकच प्रसंग सांगते, कारण तो पालकसभेत सांगण्यासारखा आहे. त्या काळी ब्राह्मण विधवेचं केशवपन करत. ज्या विधवा केस ठेवत, त्यांना पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांना हात लावू द्यायला बडव्यांचा विरोध होता. असं एक प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा काणे त्या बाईच्या बाजूने उभे राहिले. धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक म्हणून जे पुढे ओळखले गेले, ते हे. शास्त्रात कुठे काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच्यापुढे शास्त्राचं नाव घेऊन दटावणं अवघड होतं. ब्राह्मण कुटुंबात वाढलेल्या या वकिलाला ही बाजू घेताना घरच्या-दारच्यांचं काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना आपण करू शकतो.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे. नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ हा कायद्याविषयीचा जुना संस्कृत ग्रंथ काण्यांनी संपादित केला, तो १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या ग्रंथांचा थोडा इतिहास जोडावा असा विचार होता. थोडा! त्या प्रस्तावनेचं काय झालं तर ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा पाच खंडांचा ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो छापला. पहिला खंड १९३० साली, दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३, पाचवा दोन भागांत, त्यातला शेवटचा १९६२ मध्ये. साडेसहा हजारांहून जास्त पानं. पहिला खंड आला तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते, शेवटचा आला तेव्हा ब्याऐंशी. दिवसा कोर्ट, आणि उरलेल्या वेळात गिरगावातल्या आंग्रेवाडीतल्या घरी हे काम. आज आपण ज्याला संशोधन प्रकल्प म्हणतो तसा कुठलाही निधी, सहायकांचा ताफा, काही नाही.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. पहिल्या खंडावर लेखकाचं नाव साधं आहे: पांडुरंग वामन काणे, एम.ए., एलएल.एम., आणि मुंबई हायकोर्टातले वकील. म्हणजे त्या ग्रंथाचा पाया घालणारा माणूस ‘डॉ.’ नव्हता आणि त्या वेळी ‘प्रा.’ही राहिला नव्हता. तिसरा खंड येईपर्यंत नाव लांबलं होतं. महामहोपाध्याय आलं होतं, डॉक्टर आलं होतं. मधल्या काळात काय घडलं?

१९४२ मध्ये सरकारने त्यांना महामहोपाध्याय केलं. ही इंग्रज सरकारची पदवी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १८८७ मध्ये, संस्कृत पंडितांसाठी सुरू केलेली. अरबी-फारसीच्या विद्वानांना तशीच शम्स-उल-उलेमा ही पदवी देत. इंग्रजांनी दिलेली पदवी असूनही शब्द मात्र अस्सल आपला. फोड करा: महा, महा, उपाध्याय. थोरांतले थोर उपाध्याय. संक्षेप ‘म. म.’. जुन्या पुस्तकात ‘म. म. काणे’ असं दिसलं तर मुलांना सांगा, नाहीतर ती ‘मम काणे’ वाचतात आणि मग संस्कृतच्या तासाला शिकलेला ‘मम’ आठवून माझे काणे असा अर्थ लावतात. माझ्या वर्गात हे झालेलं आहे.

पण उपाध्याय म्हणजे कोण? मनुस्मृतीत आचार्य आणि उपाध्याय असा स्पष्ट फरक केलेला आहे. मुंज करून संपूर्ण वेद शिकवतो तो आचार्य. आणि वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगं, पोटासाठी, म्हणजे मोबदला घेऊन शिकवतो तो उपाध्याय. आचार्याचा मान उपाध्यायाच्या कितीतरी पट धरलेला आहे. थोडक्यात उपाध्याय म्हणजे पगारी मास्तर! आपल्या ओळीतला. हे ज्यांच्या पोथ्यांमध्ये लिहिलंय त्या पोथ्या काण्यांनी आयुष्यभर वाचल्या, त्यामुळे आपल्याला मिळालेल्या लांबलचक पदवीच्या पोटात कोणता छोटा शब्द बसलाय हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार. रत्नागिरीच्या हायस्कुलातला मास्तर अडतीस वर्षांनी महामहोपाध्याय झाला, आणि शब्दाच्या मुळाशी गेलं तर तो शिक्षकच राहिला.

दुसरा शब्द ‘डॉ.’. काण्यांनी पीएच.डी. केलेली नव्हती. अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही मानद पदवी दिली, पुढे पुणे विद्यापीठानेही दिली. मानद म्हणजे प्रबंध सादर न करता, तोंडी परीक्षा न होता, तुमचं काम मोठं आहे म्हणून विद्यापीठ आपणहून देतं ती. पीएच.डी.ला मराठीत विद्यावाचस्पती म्हणतात, ती मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रबंध लिहून मिळवायची. दोन्ही वेगळ्या वाटा, पण नावाआधी दोन्हींचं ‘डॉ.’च होतं, आणि तिसरा दवाखान्यातला डॉक्टर तो आणखी निराळा. मानद पदवी मिळालेल्याने स्वतः ‘डॉ.’ लावू नये असा एक संकेत आहे. लोक लावतात ते आदराने. मानद डॉक्टरेट आजकाल ज्या पद्धतीने वाटल्या जातात त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सभागृह भाड्याने घेऊन, शाल-श्रीफळासह, पैसे भरून मिळणाऱ्या ‘डॉक्टरेट’च्या जाहिराती आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरतात. मानद पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा असतो, कुठल्याही संस्थेचा नव्हे, हे आपल्याला तरी माहीत हवं.

आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली तीन भारतरत्नं या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून बघा, मुलांना चटकन कळतं. बाबासाहेब आंबेडकर, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांचं ‘डॉ.’ कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एससी. यांचं, म्हणजे अभ्यास करून, प्रबंध लिहून मिळवलेलं. मानद पदव्या त्यांना नंतर मिळाल्या, त्या वेगळ्या. काणे, चिपळूण-दापोलीचे. त्यांचं ‘डॉ.’ मानद. आणि मुरुडचे धोंडो केशव कर्वे. त्यांनाही विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या, पण आपण त्यांना डॉ. कर्वे म्हणत नाही, महर्षी म्हणतो. महर्षी ही ना विद्यापीठाची पदवी ना सरकारची, ती लोकांनी दिली. यात लहानमोठं काही नाही. पण मुलांनी विचारलं की यांना डॉ. का आणि त्यांना का नाही, तर आपल्याला सांगता आलं पाहिजे.

‘मानद’वरून आणखी एक घोळ होतो. मानद आणि माननीय हे एक नव्हेत. माननीय म्हणजे मान देण्याजोगा, निमंत्रणपत्रिकेत ‘मा.’ लिहितो तो. मानद म्हणजे पगार न घेता केवळ मानाने सांभाळलेलं पद: मानद सचिव, मानद संपादक, मानद अध्यक्ष. आणि मानधन म्हणजे पगार नव्हे पण अगदी फुकटही नव्हे, अशी मधली रक्कम. एका शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी ‘आपले मानद पाहुणे’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. पाहुणे हसले, आणि त्यांचं प्रवासभाडं आम्ही दिलं.

१९४७ ते १९४९ काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुलगुरू, पुन्हा एकदा! देश नुकता स्वतंत्र झालेला. ज्या विद्यापीठाच्या परीक्षा त्यांनी एकामागून एक दिल्या होत्या, त्याच्या कारभाराची धुरा आता त्यांच्याकडे आली. कुलगुरूंच्या हाताखाली कागदोपत्री कारभार बघतो तो कुलसचिव, आणि एकेका विद्याशाखेचा प्रमुख तो अधिष्ठाता. सिनेटला आपण अधिसभा म्हणतो. हे चार-पाच शब्द वर्तमानपत्रात रोज येतात, तेव्हा पाचवीच्या पुढच्या मुलांना कात्रणं कापून आणायला सांगा, पाठांतरापेक्षा ते बरं.

पुढचा भाग भरभर. १९५३ ते १९५९ ते राज्यसभेत होते. निवडणूक लढवून नव्हे, राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले सदस्य म्हणून. विद्या, कला, विज्ञान, समाजसेवा अशा क्षेत्रांतल्या बारा जणांना राष्ट्रपती असं नेमतात. १९५६ मध्ये धर्मशास्त्राच्या चौथ्या खंडाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार पुस्तकाला, पदवी माणसाला, हाही एक फरक. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक नेमलं. हे प्राध्यापकपद कुठल्या वर्गाशी बांधलेलं नसतं, आपलं संशोधन चालू ठेवावं म्हणून थोर विद्वानांना देतात. सर सी. व्ही. रामन यांनाही ते मिळालं होतं. ज्याला एकेकाळी कॉलेजात कायम प्राध्यापक केलं नाही, त्याला एकोणऐंशीव्या वर्षी देशाने प्राध्यापक केलं. निवृत्तीनंतरही मान म्हणून प्राध्यापक म्हणवले जाणारे असतात त्यांच्यासाठी मराठीत ‘गुणश्री प्राध्यापक’ असा छान शब्द आहे, तो मात्र वेगळा, त्याची यात गल्लत नको.

१९६३ मध्ये भारतरत्न. त्या वर्षी ते झाकिर हुसेन आणि काणे या दोघांना मिळालं, दोघेही शिक्षणाच्या क्षेत्रातले. आणि इथे मी आपल्या सगळ्यांचीच एक चूक दाखवणार आहे, कारण आमच्या शाळेच्या भिंतीवरही ती रंगवलेली आहे. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारने किताब देण्याची पद्धत बंद केली. लष्करी आणि विद्याविषयक मान तेवढे वगळले. म्हणून रावबहादूर, सर, महामहोपाध्याय ही सरकारी किताबांची परंपरा स्वातंत्र्यानंतर थांबली. मग भारतरत्न, पद्मश्री कसे चालतात? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे किताब नव्हेत, पुरस्कार आहेत, आणि म्हणूनच ते मिळालेल्याने आपल्या नावाआधी किंवा नावापुढे लावायचे नाहीत. पुरस्कार मिळाला असं वाक्यात लिहा, नावाचा भाग करू नका.

१९७२ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास, काणे गेले.

आता भाषणाचं काय केलं ते सांगते. त्या मुलीला घेऊन मी भाषण पुन्हा लिहायला बसले. तिने स्वतःच कुलपती खोडून कुलगुरू केलं. मग ‘भारतरत्न डॉ. काणे’ याचं ‘काणे यांना १९६३ मध्ये भारतरत्न हा पुरस्कार मिळाला’ असं केलं. महामहोपाध्याय ठेवलं, कारण ते म्हणायला तिला आवडतं. आणि सुरुवातीला एक नवं वाक्य तिने घातलं, की ते आधी रत्नागिरीला शाळेत शिक्षक होते. पुढच्या आठवड्यात तालुक्याला स्पर्धा आहे. भिंतीवरचा मजकूर बदलायला रंगाचा डबा आणायचा राहिला आहे, तो शनिवारी आणते.